केसभर खालचा गंधार

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला कृपादान उजागरे गुरुजी बायकोच्या बांगड्यांना चिंध्या गुंडाळत बसले होते. डावा हात झाला होता, उजवा चालू होता, आणि राहीबाई वैदूपुढं हात धरल्यासारखा चेहरा करून भिंतीकडं बघत होत्या.

“अवो, काढूनच ठेवते की मी बांगड्या.”

“निघतात का? पंधरा वर्षांत निघाल्या न्हाईत.”

“मंग मी पार मागं बसते.”

“मागं बसली तरी ऐकू जातं. ते यंत्र मुंगी चालली तरी टिपतंय.”

“मुंगीच्या पायाला बी बांधा मंग एक चिंधी,” राहीबाई म्हणाल्या.

गुरुजी हसले नाहीत. गेले सहा दिवस ते हसलेच नव्हते.

शिरसवाडी हे कोल्हारपासून तीन मैलांवरचं प्रवरेकाठचं गाव. चहूकडं ऊस, गावात निम्मी घरं ख्रिस्ती, मधोमध दगडी चर्च आणि त्याला लागून मिशनची शाळा. गुरुजी त्या शाळेत विज्ञान आणि गाणं असे दोन विषय शिकवत आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवत. सुराचा कान गावात आपल्या एकट्यालाच आहे, असं त्यांचं मत होतं. गावानं त्यावर कधी वाद घातला नव्हता, कारण वाद घालायलाही कान लागतो.

एकाहत्तर सालच्या जानेवारीतल्या त्या सोमवारी चर्चसमोर एक धुळीनं माखलेली हिरवी गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून पाच इंग्रज उतरले. त्यांतली एक बाई उतरल्या उतरल्या म्हणाली, “कसं काय, बरं हाय ना?” तेव्हा लोकांनी तिला निरखून पाहिलं. ती जुन्या मिशनरी साहेबांची मुलगी मार्गरेट होती. नऊ वर्षांची होईपर्यंत ती शिरसवाडीतच वाढली होती, आणि तेव्हा सगळं गाव तिला मागी म्हणायचं. आता ती बासरी वाजवत होती आणि बाकीचे चौघे तिचे साथीदार होते.

त्यांचं संगीत काय आहे, हे गुरुजींनी गावाला समजावून सांगितलं ते असं. शिवाजी महाराज जन्मायच्या आधी विलायतेच्या राजवाड्यांत आणि जत्रांत जी गाणी वाजायची, ती ही मंडळी पुन्हा वाजवतात, पण जोडीला विजेची गिटार आणि ढोल-ताशासारखा मोठा ड्रम घेऊन. लंडनच्या एका कंपनीला त्यांची रेकॉर्ड काढायची होती. ती बंद खोलीत केलेली नको होती. समोर माणसं बसलीत, टाळ्या वाजवतायत, अशी भर कार्यक्रमातली हवी होती. मार्गरेटला लहानपणीचं दगडी चर्च आठवलं. तिथं एक सूर लावला की तो छतापर्यंत जाऊन गोल होऊन परत यायचा. म्हणून हिंदुस्थान बघायला निघालेली ही मंडळी वाट वाकडी करून शिरसवाडीला आली होती. कार्यक्रम शनिवारी चार वाजता. रविवारी पहाटे मुंबईला निघायचं, कारण सोमवारी बोट.

रेकॉर्डिंगचं काम डेरेक नावाच्या गृहस्थाकडं होतं. गुरुवारी ते श्रीमंत पाटलांच्या गुऱ्हाळावर गेले, उसाच्या रसाचे सात पेले प्याले आणि वर वाटीभर गरम काकवी खाल्ली. त्यानंतर ते शाळेच्या मागच्या खोलीत आडवे झाले ते झालेच. खोलीच्या बाहेर त्यांचं जे काही येणं होई ते घाईघाईनं शेताच्या दिशेनं होई. आता यंत्र सांभाळणार कोण? शाळेचा रेडिओ दोनदा दुरुस्त केलेला माणूस गावात एकच होता.

डेरेकनं अंथरुणावर पडल्या पडल्या गुरुजींना सगळं शिकवलं. मार्गरेट मधे बसून मराठीत सांगत होती. रीळ कसं चढवायचं, काटा लाल रेघेपलीकडं का जाऊ द्यायचा नाही, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हेडफोन. कानांवर वाट्यांसारखे बसणारे ते काळे गोळे रीळ चालू असेपर्यंत काढायचेच नाहीत. यंत्रात काय चाललंय ते त्यातूनच कळतं. रिळं दोनच आहेत. एकात पूर्वार्ध, एकात उत्तरार्ध.

“आनि शांतता पाहिजे गुरुजी,” मार्गरेट सोमवारी म्हणाली होती तेच पुन्हा म्हणाली. “टाळ्या चालतील. दुसरं काई नको.”

“ते माझ्यावर सोडा,” गुरुजी म्हणाले.

त्यांनी ते सोमवारपासूनच फार मनावर घेतलं होतं. शाळेत, चर्चमध्ये, पारावर, गिरणीत, जिथं चार माणसं दिसतील तिथं ते शांततेचे नियम सांगत सुटले होते. शनिवारी तीन ते सात श्रीमंत पाटलांचं इंजिन बंद. गिरणी बंद. कोंबडे डालग्याखाली. चपला बाहेर. खोकला येणाऱ्यांनी आदल्या दिवशीपासून सुंठ-गूळ खायचा. टाळी मी रुमाल वर केल्यावरच. त्यांनी शुक्रवारी चर्चमध्ये रंगीत तालीमही घेतली. तीनशे माणसं अर्धा तास नुसती गप्प बसवली आणि घड्याळ लावून मोजलं.

“एक ध्यानात ठेवा,” ते शेवटी म्हणाले. “काय बी हुऊ द्या. साप निघू द्या, छत कोसळू द्या. कुनी तोंड उघडायचं न्हाई. ज्याच्या तोंडातून शब्द निघंल, त्यानं गावाचं नाक कापलं असं मी समजंल.”

गावानं माना डोलावल्या. नाराज एकटे सूर्यभान होते. लाऊडस्पीकरवाले सूर्यभान. पंचक्रोशीतली लग्नं, जत्रा, निवडणुका त्यांच्या कर्ण्यांशिवाय झाल्या नव्हत्या, आणि एवढा विलायती कार्यक्रम बिनकर्ण्याचा होणार हे त्यांच्या मनाला लागलं होतं. गुरुजींनी त्यांची समजूत काढली. कार्यक्रमात सूर्यभाननं यंत्राजवळ आपल्या शेजारी बसायचं, आणि कार्यक्रम संपला की सगळं रेकॉर्डिंग सूर्यभानच्याच कर्ण्यांवरून गावाला ऐकवायचं. सूर्यभाननी लगेच चर्चसमोरच्या कडुनिंबावर दोन कर्णे चढवले, एक गावाकडं तोंड करून आणि एक शिवाराकडं.

चार वाजता चर्च गच्च भरलं. पहिल्या बाकावर पाळकसाहेब पीटर आढाव पांढरा झगा घालून ताठ बसले होते. चौथ्या बाकावर राहीबाई, मांडीवर चिंध्यांचे दोन हात घेऊन. खांबाजवळ ऐंशीच्या घरातल्या छबूबाई, गालात सुंठीचा खडा धरून. मागं श्रीमंत पाटील आणि त्यांची माणसं. पुढं वेदीजवळ मंडळी वाद्यं घेऊन उभी राहिली. त्यांचा म्होरक्या ह्यू याच्याकडं पोट फुगलेलं, मान मोडून मागं वळलेलं सतारीसारखं वाद्य होतं. मार्गरेटकडं लाकडी बासरी. यंत्राची वायर आखूड असल्यामुळं गुरुजींचं टेबल माइकपासून जेमतेम चार हातांवर लागलं होतं.

गुरुजींनी हेडफोन चढवले, कळ दाबली, आणि मान हलवली.

पहिलं गाणं सुरू झालं. गुरुजींच्या दोन्ही कानांत एकदम चारशे वर्षांपूर्वीची जत्रा भरली. सतारीसारखं वाद्य डाव्या कानात, ड्रम उजव्या कानात, आणि बासरी दोहोंच्या मधोमध डोक्यात. बाहेरचं काही म्हणता काही ऐकू येईना. असलं सुख गुरुजींना जन्मात मिळालं नव्हतं. ते सूर्यभानकडं झुकले आणि त्यांच्या समजुतीप्रमाणं कुजबुजले.

“काय घुमतंय रं.”

ते वाक्य चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत गेलं आणि छताला लागून परत आलं. कानात ड्रम वाजत असलेल्या माणसाला आपण कुजबुजतोय की बोलतोय हे कळत नाही. आपलाच आवाज हेडफोनमधून येतोय हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. बोलताना माणसाला आपला आवाज ऐकू येतोच, त्यात नवल वाटावं असं काय?

सूर्यभान दचकले. तोंड उघडायचं नव्हतं, म्हणून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“न्हाई रं,” गुरुजी म्हणाले. “कुनी बी बोलंना. बघ कशी चिडीचूप बसलीत. सहा दिवस घसा फोडलाय मी.”

सूर्यभाननी दोन्ही हात जोडले. गुरुजींनी ते कौतुक समजून स्वीकारलं.

चर्चमध्ये तीनशे माणसं होती आणि त्यांतल्या प्रत्येकाला दिसत होतं काय होतंय ते. पण छत कोसळलं तरी बोलायचं नाही, असं सांगणारा माणूसच बोलत होता. श्रीमंत पाटलांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग असेल. तमाशात नाही का मधेच एखादा बोलत असतो. राहीबाईंना तसं काही वाटलं नाही. पंधरा वर्षांच्या संसारात त्यांनी हा आवाज पुष्कळ ऐकला होता. त्या नवऱ्याकडं बघून जोरजोरानं नकारार्थी मान हलवू लागल्या.

“राही बघ कशी डोलतीया,” गुरुजी सूर्यभानला म्हणाले. “घरी मी गायला बसलो की भांडी आपटती. आज कळलं, बाईला गानं आवडतं. मीच आवडत न्हाई.”

राहीबाईंची मान जागच्या जागी थांबली.

दुसरं गाणं संथ होतं. मार्गरेटच्या बासरीवर त्याचा सगळा भार होता. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते, आणि तिसऱ्या ओळीला त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“सूर्यभान, ऐकलंस का?”

सूर्यभान छताकडं बघू लागले.

“गंधार. सा, रे, ग मधला ग. ह्या बाईचा ग खाली लागतोय. केसभरच, पन लागतोय. येवढी विलायतेहून आली आनि ग खाली.” ते जरा थांबले. बासरी पुन्हा त्या जागेवर आली. “हां. बघ. अगदी आपल्या पाळकसायबांसारखा.”

तीनशे माणसांनी श्वास धरला. पहिल्या बाकावर पाळकसाहेब समोरच्या क्रुसाकडं बघत राहिले.

सूर्यभाननी गुरुजींची बाही ओढली.

“तुला ठावं न्हाई व्हय?” गुरुजी रंगात आले. “सायबांचा ग बारा वर्षं खाली लागतोय. नाताळाला ते सोलो गातात का न्हाई, तवा मी काय करतो सांगू? ती जागा आली की पेटीची सगळी बटनं वढतो आनि भाता असा हानतो, की सायबांचं त्यांस्नीच ऐकू येऊ नये. बारा वर्षं. कुनाला पत्ता न्हाई. सायबांला तर अजाबात न्हाई. मानूस देवासारखा हाय रं, पन गळ्याला काय करनार?”

सूर्यभाननी डोळे मिटून घेतले. खांबाजवळ छबूबाईंच्या गळ्यात मघापासून खोकला अडकला होता, त्यात आता हसू अडकलं. दोन्ही दाबता दाबता त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

“छबूबाई रडतीया,” गुरुजी हळवे होऊन म्हणाले. “संगीताला भाषा लागत न्हाई, त्ये खरं.”

गाणं संपलं. गुरुजींनी रुमाल वर केला. टाळ्या अशा पडल्या की ह्यू चकित झाला. तीनशे माणसं आत साठलेलं सगळं त्या टाळ्यांतून बाहेर काढत होती. पुढं गुरुजींनी हेडफोन न काढताच रीळ बदललं, उत्तरार्ध झाला, आणि उत्तरार्धातल्या नाचाच्या गाण्यांना तर गुरुजी सरगम म्हणत साथच करू लागले. मार्गरेट एकदा त्यांच्याकडं बघून काहीतरी खुणावणार होती, पण दोन्ही हात बासरीवर होते.

पाच वाजता शेवटचा सूर विरला. गुरुजींनी हेडफोन काढले, उभे राहिले आणि म्हणाले, “मंडळी, इतकी शांतता मी जन्मात ऐकली न्हाई.”

छबूबाई एकदाच्या खोकायला लागल्या आणि मिनिटभर खोकत राहिल्या.

“गुरुजी,” सूर्यभान म्हणाले, “मी तुमाला सांगत हुतो…”

“काय?”

“ऱ्हाऊ द्या. ऐकालच आता.”

यंत्र चर्चच्या पायरीवर आणलं, सूर्यभाननी आपल्या वायरी त्याला जोडल्या. सारा गाव कडुनिंबाखाली जमला. इतर वेळी कार्यक्रम संपला की निम्मी माणसं पांगतात. आज एकही माणूस हलला नाही, आणि जी आली नव्हती तीही बोलावून आणली गेली. गुरुजींना भरून आलं. त्यांनी कळ दाबली.

कर्ण्यातून वाद्यं वाजली. मग कर्ण्यातून कुणीतरी दणदणीत आवाजात म्हणालं, “काय घुमतंय रं.”

गुरुजींनी इकडंतिकडं पाहिलं. “कोन बोललं ते?” त्यांनी करड्या आवाजात विचारलं. “मी सांगितलं हुतं का न्हाई?”

“सहा दिवस घसा फोडलाय मी,” कर्णा म्हणाला.

गुरुजींचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ज्यांनी तो पाहिला ते पुढं कित्येक वर्षं त्याचं वर्णन करत, पण कुणालाच ते नीट जमलं नाही. राहीबाईंचं प्रकरण आलं तेव्हा ते पायरीवर बसले. बासरीचा संथ सूर सुरू झाला तेव्हा पुढं काय आहे ते त्यांना आठवलं, आणि ते झेप घेऊन यंत्राकडं धावले.

“राहू द्या, कृपादान,” मागून पाळकसाहेब म्हणाले. “पूर्ण ऐकू.”

मग ते पूर्ण ऐकलं. पाळकसाहेब हात मागं बांधून उभे होते. एक कर्णा गावाला सांगत होता आणि दुसरा शिवाराला, की साहेबांचा ग बारा वर्षं खाली लागतो. नदीपलीकडं ऊस तोडणारी माणसं कोयते थांबवून उभी राहिली.

रीळ संपलं. डेरेक गोधडी गुंडाळून खोलीच्या दारात आला होता. त्यानं ह्यूला काहीतरी विचारलं, ह्यूनं गुरुजींकडं बोट दाखवलं, आणि डेरेक परत आत जाऊन निजला. ह्यू पायरीवर डोकं धरून बसला. दोन वर्षांची तयारी, सात हजार मैलांचा प्रवास, आणि रेकॉर्डवर गुरुजी.

गुरुजी आधी मार्गरेटपुढं गेले. पाळकसाहेबांपुढं जायची त्यांची हिंमत नव्हती.

“बाई,” ते म्हणाले, “तुमच्या बासरीला मी नाव ठेवलं. माझी चूक झाली. रेकॉर्ड पन गेली. आता काय तोंडानं माफी मागू?”

“गुरुजी, तुमी बोलला ते बरोबर हाय,” मार्गरेट म्हणाली. “माझा ग खालीच लागतो. मुद्दाम.”

“मुद्दाम?”

“त्या काळी ग तसाच असायचा. सा शी गोड लागेल असा. तुमची पेटी लई नंतरची. तिला सगळी गानी वाजवता यावी म्हनून सगळे सूर थोडे थोडे सरकवले. त्यात ग वर चढला.” तिनं बासरी हातात फिरवली. “ही आमी जुन्या मापानं करून घेतली. दीड वर्ष लागलं तो ग खाली आनायला.”

तेवढ्यात गुरुजींच्या खांद्यामागून आवाज आला.

“म्हणजे मागी, बाळ,” पाळकसाहेब म्हणाले, “माझा ग?”

मार्गरेटनं त्यांच्याकडं पाहिलं. लहानपणी त्यांच्याच मांडीवर बसून ती अक्षरं गिरवायला शिकली होती. “या ना आत,” ती म्हणाली.

ती आत जाऊन वेदीजवळ उभी राहिली आणि बासरीवर एक सूर धरला. पाळकसाहेबांनी घसा साफ केला, दोन्ही हात झग्याच्या बाह्यांत घातले, आणि नाताळाच्या सोलोची पहिली ओळ गायले. पेटी नव्हती. भाता मारायला कुणी नव्हतं. ओळ चढत चढत त्या जागेपाशी आली. दारात उभ्या असलेल्या गुरुजींनी सवयीनं खांदे आवळले.

साहेबांचा गंधार लागला आणि बासरीत मिसळून दिसेनासा झाला. कुठं गळा संपतो आणि कुठं लाकूड सुरू होतं ते कळेना. दगडी छतानं तो सूर उचलला, गोल फिरवला आणि खाली आणून सोडला. साहेब स्वतःच दचकून थांबले. बारा वर्षांत त्यांनी स्वतःला ऐकलंच नव्हतं.

पायरीवरून ह्यू उठून आत आला होता. त्यानं आपलं वाद्य खांद्याला लावलं.

उजेड अजून थोडा उरला होता. पुसून पुन्हा करायचं ठरलं. दोन्ही रिळांचा ऐवज पहिल्यापासून, आणि शेवटी पाळकसाहेबांचं गीत.

“मी नदीवर जाऊन बसतो,” गुरुजी म्हणाले.

“मंग यंत्र कोन बघनार?” मार्गरेटनं विचारलं.

याचं उत्तर राहीबाईंनी दिलं. त्यांनी पुढं येऊन नवऱ्याच्या हातातला टाळ्यांचा रुमाल घेतला, त्याची घडी केली, आणि तो त्यांच्या तोंडावर बांधून मागं दोन गाठी मारल्या. दुसरी गाठ जरा जास्तच घट्ट होती. “मी आवडत न्हाई म्हनं,” त्या पुटपुटल्या. “बोला आता.”

दुसऱ्या वेळेला चर्चमध्ये शिस्त पहिल्याइतकी राहिली नाही. कुणीतरी शिंकलं. छबूबाई मनसोक्त खोकल्या. श्रीमंत पाटील चौथ्या गाण्याला आपणहून टाळी धरून बसले आणि त्यांच्या माणसांनीही धरली. गुरुजी मात्र एका शब्दानं बोलले नाहीत. शेवटी पाळकसाहेब गायला उभे राहिले तेव्हा सूर्यभाननी हळूच शेजारी पाहिलं. हेडफोनच्या दोन काळ्या वाट्यांमध्ये गुरुजींचा रुमाल बांधलेला चेहरा होता, आणि रुमालाची वरची कड ओली झाली होती.

रविवारी पहाटे हिरवी गाडी मुंबईला निघून गेली. पुढच्या वर्षी लंडनहून एक पार्सल आलं. कंपनीला सगळ्यांत आवडलं होतं ते पाळकसाहेबांचं गीत, आणि खोकल्यासकट ते रेकॉर्डवर घेतलं होतं. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरांत सगळ्यांची नावं होती. गुरुजींच्या नावासमोर ‘ध्वनिमुद्रण आणि शांतता’ असं छापलं होतं. पण ते सगळं पुढचं. त्याआधी, गाडी गेली त्याच दिवशी सकाळी साडेनऊला, नेहमीप्रमाणं उपासना होती.

पाळकसाहेबांनी त्या दिवशी सांगितलं की गीत आपण एकटेच गाणार. नाताळ नव्हता, सण नव्हता. त्यांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी पेटी उघडली, भात्यावर हात ठेवला, पट्ट्यांवर बोटं ठेवली. आता ग वाजवला तर साहेबांचा मोडणार, नाही वाजवला तर पेटीचं गाणं बोबडं होणार. त्यांनी पेटी मिटली आणि हात मांडीवर घेतले.

साहेब गायले. पहिलं कडवं अप्रतिम झालं. दुसरं, तिसरंही चांगलं झालं. चौथ्यानंतर लोकांच्या ध्यानात आलं की साहेब थांबत नाहीयेत. इतकी वर्षं त्यांना दोन कडव्यांनंतर दम लागायचा, कारण पेटीशी झगडण्यातच तो जायचा. आता झगडा उरला नव्हता. सातही कडवी झाली, शेवटचं दोनदा झालं, त्यानंतर प्रवचन झालं, आणि लोक बाहेर पडले तेव्हा कोल्हारला जाणारी साडेअकराची एसटी धुरळा उडवत फाट्यावरून वळत होती.

छबूबाईंना लेकीकडं नेवाशाला जायचं होतं. गाठोडं काखेत मारून त्या पायरीवर गुरुजींना आडव्या आल्या.

“गुरुजी, पेटी मोडली का?”

“न्हाई.”

“मंग वाजवली का न्हाई?”

“सूर जुळंना, छबूबाई.”

“सायबाचा व्हय? त्ये तर जुनंच हाय. तुमी आपली वाजवायची.”

“सायबांचा न्हाई,” गुरुजी म्हणाले. “पेटीचा.”

छबूबाई गाठोडं खाली ठेवून पायरीवर ऐसपैस बसल्या. पुढची एसटी चारला होती.

“सायबास्नी सांगा,” त्या म्हणाल्या, “सुरात गा म्हनावं, पर दोनच कडवी.”

गुरुजी सांगायला आत गेले. पाळकसाहेब रिकाम्या चर्चमध्ये वेदीपाशी उभे होते आणि गुणगुणत गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत होते. पुढच्या रविवारसाठी त्यांनी एक गीत काढलं होतं. ते अकरा कडव्यांचं होतं.